आधी रबर, मग टाकी

प्रश्न: एका स्वच्छता कंत्राटदाराकडे बरीच वर्षं नोकरी केली. आता ती सोडून, भाच्याला सोबत घेऊन खिडक्यांच्या काचा पुसण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू करतो आहे. भाचा म्हणतो, सुरुवातच दणक्यात करू: गाडीत पाण्याची टाकी, शुद्ध पाण्याचा फिल्टर, कार्बन फायबरचा लांब पोल, सगळं एकदम घेऊ, लागलं तर कर्ज काढू. माझं म्हणणं, बादली, स्क्वीजी (काचेवरचं पाणी ओढून काढायचं मुठीचं रबर) आणि एक उंच शिडी घेऊन कामाला लागावं. काही घरं ठरली आहेत, दोन दुकानं आहेत, आणि एका पाच मजली इमारतीच्या मालकाने बाहेरच्या काचांसाठी विचारलं आहे. खर्च कशावर करावा आणि कशावर करू नये?
काचवाले मामा

उत्तर:

मामा,

बादली आणि स्क्वीजीबद्दल तुमचं बरोबर आहे, शिडीबद्दल भाच्याचं. टाकीसाठी कर्ज मात्र आज काढू नका.

खिडकीला दोन बाजू असतात आणि लांब पोलातून, म्हणजे टोकाला ब्रश असलेल्या दांड्यातून, वाहणारं पाणी फक्त बाहेरच्या बाजूला चालतं. आत पडदे असतात, सोफा असतो, लाकडी जमीन असते. म्हणजे टाकी घेतली तरी हाताने काच पुसायची हत्यारं लागणारच, आणि ती चालवताही यावी लागणार. भाच्याने पोलवरच हात बसवला, तर बाहेरची काच लख्ख होईल आणि आतल्या काचेवर रेघा उमटतील. गिऱ्हाईक रोज आतूनच बघतं. ते रेघाच दाखवणार.

तेव्हा आधी हाताच्या हत्यारांचं बोलू, आणि त्यातही रबराचं. या धंद्यात सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आणि काम बिघडवणारीही तीच.

आज व्यावसायिक वापरतात ती हलकी, एकाच पातळ रबराची स्क्वीजी एत्तोरे स्टेकोने या इटालियन स्थलांतरिताने अमेरिकेत ओकलंडमध्ये 1936 च्या सुमारास बनवली. त्याआधी काच पुसणाऱ्यांच्या हातात जाड रबराच्या दोन पट्ट्यांची जड लोखंडी स्क्वीजी असायची आणि रबर बदलायचं तर एक एक करून पुष्कळ स्क्रू काढावे लागायचे. त्याने रबर बसवायची पितळेची हलकी पट्टी केली आणि रबर चटकन बदलता येईल अशी सोय केली. नव्वदएक वर्षांत मूठ बदलली, धातू बदलले, पण मुख्य गोष्ट तिथेच आहे: धारदार चौकोनी कडेचं रबर काचेला एकसारखं टेकलं पाहिजे आणि धार गेली की ते लगेच बदलता आलं पाहिजे. फरशीचा वायपर काचेवर चालत नाही तो याच कारणाने. त्याच्या रबराला अशी धारच नसते.

म्हणून मूठ आणि पट्टी मध्यम दर्जाची घ्या, पण रबर सढळ हाताने घ्या. व्यावसायिक रबर डझनावर किंवा ग्रोसने, म्हणजे 144 नगांच्या पेटीत, मिळतं. सुरुवातीला प्रत्येक मापाचं एक डझन पुरे. एक कड बोथट झाली की रबर उलटवून दुसरी कड वापरा, तीही गेली की फेकून द्या. तिथे काटकसर करू नका. रबर पट्टीच्या दोन्ही टोकांना साधारण 3 मिलिमीटर बाहेर आलेलं असावं. ते आत राहिलं तर धातूचं टोक काचेला किंवा चौकटीला लागतं, फार बाहेर आलं तर टोक दुमडतं आणि कडेला पाण्याची रेघ सोडतं. कापताना धारदार कात्री, एका घावात, काटकोनात. नवीन रबर उन्हात, गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, ते कडक होऊन तडकतं. गुंडाळी करूनही ठेवू नका, त्याला बाक येतो.

रबर दोन प्रकारचं मिळतं, मऊ आणि कडक. थंडीत रबर मुळातच ताठरतं, तेव्हा मऊ बरं. उन्हाळ्यात मऊ रबर काचेला चिकटून थरथरतं, तेव्हा कडक घ्या. दोन्ही जवळ ठेवा म्हणजे ऋतू बदलला की खोळंबा नको.

रेघ उमटली की भाच्याला एक तपासणी शिकवा. प्रत्येक ओढीत रेघ स्क्वीजीच्या त्याच जागी येत असेल तर रबराला खाच पडली आहे. जागा बदलत असेल तर काचेवर खडा किंवा वाळू राहिली आहे, किंवा रबर मधूनमधून फडक्याने पुसलं गेलेलं नाही. निम्मी डोकेदुखी एवढ्यावर मिटते. नाहीतर नवशिका रेघ दिसली की साबण वाढवतो आणि आणखी घोटाळा करून ठेवतो.

मापांचं सोपं आहे. 35 सेंटिमीटर आणि 45 सेंटिमीटर अशा दोन पट्ट्या प्रत्येकाला, आणि छोट्या चौकटींसाठी एक 15 सेंटिमीटरची. मोठी पट्टी म्हणजे जास्त वेग हे दुकानाच्या सलग काचेवर खरं आहे, पण हात बसायच्या आधी मोठी पट्टी घेतली की मध्ये किंवा टोकाला दाब कमी पडतो. धातूचं म्हणाल तर पितळ जड आणि टिकाऊ, अ‍ॅल्युमिनियम हलकं पण वाकणारं, स्टेनलेस स्टील मधलं. मी स्टेनलेस घेईन. एक मात्र पाळा: मूठ आणि पट्टी एकाच बनावटीच्या घ्या. एकाची पट्टी दुसऱ्याच्या मुठीत नीट बसेलच असं नाही, आणि ढिली पट्टी उंचावर असताना सुटली तर खाली कोण उभं आहे हे ती विचारत नाही.

काच भिजवायला टी आकाराचा दांडा आणि त्यावर चढवायची मायक्रोफायबरची खोळ. खोळी प्रत्येकी दोन. बादली आयताकृती घ्या, तुमचा दांडा आडवा बुडेल एवढी. गोल बादलीत अर्धा दांडा कोरडा राहतो. पाण्यात भांडी घासायचा द्रव साबण, दहा लिटरला एक छोटा चमचा. रबर सरकायला लागतो तेवढाच साबण हवा. फेस जास्त झाला की काचेवर थर राहतो आणि पुढच्या वेळी धूळ त्यावरच बसते. काच चमकवणारे तयार फवारे विकत घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच फवाऱ्यांत अमोनिया असतो आणि तो रंगीत फिल्म आणि अ‍ॅक्रिलिकचं नुकसान करतो.

फडकी भरपूर. कडा टिपायची वेगळी, चौकट आणि उंबरा पुसायची वेगळी, आणि दोन्हींचा रंग वेगळा, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. नवं सुती फडकं थेट काचेवर नेऊ नका. त्याला खळ असते, धागेही सुटतात, दोन-चार धुण्यांनंतर ते कामाचं होतं. धुताना कपडे मऊ करणारं द्रव अजिबात टाकू नका. फडक्याची पाणी शोषण्याची ताकद त्याने जाते आणि काचेवर धुरकट पट्टे येतात.

आता स्क्रॅपर. रंगाचे ठिपके, सिमेंट, चिकटपट्टीचा गोंद काढायला पात्याचा स्क्रॅपर लागतोच, पण तुमच्या पेटीतलं सगळ्यात धोक्याचं हत्यार तेच. नवीन बांधकामातल्या बऱ्याच काचा टफन्ड, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या, असतात. कोपऱ्यात बारीक शिक्का दिसतो. अशी काच भट्टीत तापवताना रोलरवरून जाते, आणि आधीची स्वच्छता नीट झाली नसेल तर काचेचीच बारीक भुकटी पृष्ठभागावर भाजून चिकटते. डोळ्यांना ती दिसत नाही. ओल्या काचेवरून बोटाचं टोक फिरवलं तर बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा लागतो. त्यावरून पातं गेलं की ते कण सुटतात, पात्याखाली घरंगळतात आणि केसासारखे चरे पाडत जातात. त्या वेळी काच ओली असते, काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी ऊन आलं की सगळी खोली चऱ्यांनी भरलेली दिसते आणि बांधकामवाला तुमच्याकडे बोट दाखवतो.

म्हणून बांधकामानंतरची सफाई घेताना आधी एका कोपऱ्यात, मालकाच्या समोर, हातभर जागेवर चाचणी करा. खरखर लागली तर पातं पेटीतच ठेवा आणि चरे पडण्याचा धोका कागदावर लिहून, सही घेऊन, मगच पुढे जा. सही मिळत नसेल तर काम सोडा. हात दाखवून अवलक्षण कशाला? फिल्म लावलेली काच, लेप असलेली काच, स्वतःहून स्वच्छ राहणारी म्हणून विकतात ती काच, अ‍ॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट: यांना पातं नाहीच. जिथे चालतं तिथेही काच भरपूर ओली हवी, पातं पुढेच ढकलायचं आणि मागे येताना उचलायचं, कारण परतताना कण पात्याखाली अडकतात. पाती स्टेनलेसची घ्या. साधं पोलाद जास्त धारदार असतं पण गंजतं, आणि गंजलेली कडही काचेला ओरखडते.

पाण्याचे जुने पांढरे डाग हा वेगळा प्रकार. ते क्षारांचे असतात आणि साबणाने निघत नाहीत. व्हिनेगर किंवा सायट्रिक आम्लासारखं सौम्य आम्ल चालतं, तेही थोड्या जागेवर तपासून, दगडी उंबरा आणि धातूची चौकट झाकून. बाजारात काही डागनाशकांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याच जातीचे क्षार असतात. ते काचच खातात. कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतात, आणि सौम्य द्रावणाची वेदना कित्येक तास उशिरा सुरू होते. बाटलीवर फ्लोराइड हा शब्द दिसला की ठेवून द्या. डाग काढण्याचं काम सुरुवातीला घेतलं नाही तरी तुमचं काही अडणार नाही.

शिडीबद्दल आपलं पटणार नाही बहुतेक. उंच शिडीवर, एका हातात स्क्वीजी घेऊन, बाजूला झुकून काच पुसणं यात अपघात ठरलेला आहे. पहिल्या मजल्यापर्यंतच्या बाहेरच्या काचांना जमिनीवर उभं राहूनच हात घाला: दोन-तीन भागांचा वाढवता येणारा दांडा घ्या, त्याच्या टोकाला खोळ आणि नंतर स्क्वीजी लावा. दांड्याच्या टोकाला स्क्वीजीचा कोन ठेवणं सुरुवातीला वैताग देतं, पण काही आठवड्यांत हात बसतो. घरात उंच काचांसाठी घडीची शिडी पुरे. टेकवायची शिडी कधी लागलीच तर चारास एक हा नियम धरा, म्हणजे शिडी जिथे टेकते ती उंची चार मीटर असेल तर पाय भिंतीपासून एक मीटर दूर. वरचं टोक काचेवर कधीच टेकवू नका. भिंतीवर टेकणारा आधाराचा कंस त्यासाठी वेगळा मिळतो. भाच्याला खाली शिडी धरून उभा करण्यावर भरवसा नको. निसटलेली शिडी माणसाच्या हाताने सावरत नाही.

हे सगळं सामान एका गाडीच्या मागच्या बाजूला मावतं आणि त्याला कर्ज लागत नाही.

आता भाचेरावांची टाकी. ती चांगली चीज आहे, मी तिच्या विरोधात नाही. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. पाणी वाळलं की ते काचेवर ठिपके होऊन राहतात. क्षार काढून टाकले की पाणी वाळल्यावर मागे काही उरत नाही. म्हणून पोलच्या टोकाच्या ब्रशने घासायचं, त्याच पाण्याने धुवायचं आणि काच ओली सोडून निघून जायचं. पुसणं नाही, शिडी नाही, चौकटही धुऊन निघते. ओळीने बाहेरच्या काचा करायच्या असतील तर याला तोड नाही.

पण काय घ्यायचं हे तुमच्या नळाचं पाणी ठरवणार. त्यासाठी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, खिशात मावणारा टीडीएस मीटर आजच घ्या, आणि टाकीचा विचार सुरू करायच्या आधी घरच्या आणि गिऱ्हाइकांच्या नळाचे आकडे वहीत लिहा. आकडा शंभर पीपीएमच्या (दहा लाख भागांत शंभर भाग) खाली असेल तर नुसत्या रेझिनच्या, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, नळकांड्यावर काम भागतं. त्यातून पाणी शून्याजवळ येतं. दहाच्या आत असलं तरी ठिपके सहसा दिसत नाहीत. आकडा दोनशे-तीनशे असेल तर रेझिन भराभर संपेल, मग आधी आरओ लावून नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त क्षार काढायचे आणि उरलेलं रेझिनने. आरओ लावला की त्याच्या मागून बाकीचं सामान येतं. गाळाचा फिल्टर लागतो, क्लोरीन काढायला कार्बनचा फिल्टर लागतो, कारण क्लोरीनने आरओचा पडदा खराब होतो. पाण्याचा दाब लागतो. शिवाय जेवढं शुद्ध पाणी मिळतं जवळपास तेवढं, कधी त्याहूनही जास्त, बाहेर टाकलं जातं. ते कुठे सोडणार ते ठरवावं लागतं. आरओ हळू चालतो म्हणून टाकी रात्रीतून भरून ठेवावी लागते. म्हणून टाकी.

आणि टाकी म्हणजे वजन. एक लिटर पाणी एक किलो. पाचशे लिटरची भरलेली टाकी अर्ध्या टनाची, तिच्यावर पंप, बॅटरी, होजचं रीळ आणि तुम्ही दोघं. तुमच्या गाडीची वजन वाहण्याची मर्यादा आधी कागदपत्रांत बघा, नाहीतर नाकापेक्षा मोती जड व्हायचा. टाकी गाडीच्या सांगाड्याला पक्की बांधलेली हवी आणि आत आडवे पडदे हवेत. जोरात ब्रेक लागला की सैल टाकी पुढच्या सीटवर येते, आणि पडदे नसले तर वळणावर पाणी एका बाजूला लोटतं.

मधला मार्ग आहे आणि मी तोच सुचवेन. पोलला मिनिटाला दोनएक लिटरच पाणी लागतं. रेझिनचं नळकांडं थेट गिऱ्हाइकाच्या नळाला जोडायचं, पुढे होज, पुढे पोल. टाकी नाही, पंप नाही, वजन नाही. रेझिन जास्त जाईल, पण पोलचं काम किती मिळतं आणि भाच्याला ते जमतं का, हे त्यातून कळेल. आठवड्यातले दोन-तीन दिवस बाहेरच्या वरच्या काचांनी भरू लागले की मग टाकीचा हिशेब मांडा. तेव्हा कर्ज काढलं तरी हप्ता कुठून येणार ते दिसत असेल.

पोलमध्ये ग्लास फायबर जड पण सहा मीटरपर्यंत झेपतो. कार्बन हलका आणि ताठ, नऊ-दहा मीटरला त्याचा फरक खांद्याला कळतो, पण कार्बनमधून वीज वाहते. अ‍ॅल्युमिनियममधूनही. ग्लास फायबरही पाण्याने निथळत असताना विजेच्या तारांजवळ सुरक्षित समजू नका. पोल उघडायच्या आधी मान वर करून तारा बघायची सवय भाच्याला पहिल्या दिवसापासून लावा. आणि पोलने धुतल्यावर काचेवर थेंब राहतात ते तसेच वाळतात, हे गिऱ्हाइकाला आधी सांगा. नाहीतर गाडी सुरू करायच्या आत फोन येतो. खूप मळलेल्या चौकटीतून पहिल्या वेळी मातीचे ओघळ येतात, तेव्हा पहिली सफाई हातानेच केलेली बरी.

बाकीचं किरकोळ: न घसरणारे बूट, घरात शिरताना बुटांवर घालायची आवरणं, उंबऱ्याखाली अंथरायला जुनी चादर, हत्यारं अडकवायला कमरेचा पट्टा. विमा काढताना एजंटला एक प्रश्न नक्की विचारा: ज्या काचेवर काम चालू आहे तिचंच नुकसान झालं तर भरपाई मिळते का? बऱ्याच पॉलिसींत नेमकी तीच वस्तू वगळलेली असते.

राहिली पाच मजली इमारत. तिथपर्यंत पोहोचणारे पोल मिळतात, पण तेवढ्या लांबीला पोल वाकतो, ब्रश काचेवर टेकला आहे की नाही हे खालून दिसत नाही, आणि नवशिक्याच्या हातून तो आवरत नाही. दोरावर लटकून करायचं काम तर वेगळाच पेशा आहे. त्यात माणूस दोन स्वतंत्र दोरांना बांधलेला असतो, दोन्ही वेगवेगळ्या, तपासलेल्या ठिकाणी अडकवलेले, आणि तो अडकून पडला तर त्याला खाली कसं आणायचं याची तयारी आधीच असते. हे प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करावं. मालकाला सांगा की आतल्या सगळ्या काचा आणि जमिनीवरून पोहोचतील तेवढ्या बाहेरच्या काचा तुम्ही कराल. सगळं एकाकडूनच हवं असा त्याचा हट्ट असेल, तर वरच्या मजल्यांसाठी दोरकाम करणाऱ्या पथकाचा भाव त्याला स्वतंत्र मागवायला सांगा आणि तुमच्या भागाचा भाव मजल्यांनुसार वेगळा लिहून द्या.